सहा वेळा आत बसलेला माणूस

बाटल्यांची झाकणे बनवणाऱ्या त्या कारखान्याचा हिशेब एकतीस वर्षे एकाच माणसाने ठेवला. त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. कागदाला कागद जोडण्यासाठी स्टेपलर वापरणे त्यांना मान्य नव्हते. "ती पिन काढायला गेलं की कागद फाटतो. टाचणी बोलावली की परत येते," असे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. नावाला त्यांची अंगकाठीही अनुकूल होती : सरळ, बारीक, आणि वर लहानसे गोल चकचकीत डोके.

कारखान्याची इमारत तीन मजली होती. तळाला यंत्रे, मध्ये मालाची खोकी आणि सर्वांत वर कार्यालय. लिफ्ट नव्हती, पायऱ्या बावन्न होत्या. काका त्या रोज दोनदा चढत आणि दोनदा उतरत, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यामुळे त्यांचा पाय पायऱ्यांवर मोडला असता तर ते एक वेळ शोभले असते. तो मोडला स्टुलावर. कपाटावरची फाईल काढायला ते स्टुलावर चढले, फाईल हातात घेतली, तिची यादी टेबलाच्या खणात आहे हे त्यांना आठवले आणि ती आणण्यासाठी ते निघाले. आपण स्टुलावर उभे आहोत ही गोष्ट त्या क्षणी त्यांच्या हिशेबात नव्हती.

डॉक्टरांनी सात आठवड्यांचे प्लास्टर घातले आणि जिना वर्ज्य केला.

मालक भेटायला आले. हे धाकटे मालक. काकांना नोकरीवर घेतले ते त्यांच्या वडिलांनी. धाकटे मालक स्वभावाने वाईट नव्हते. फक्त हिशेबाचे काम बाहेरच्या एखाद्या संस्थेकडे सोपवावे, हा विचार त्यांच्या मनात वर्षभर घोळत होता आणि तो बोलून दाखवायला त्यांना निमित्त मिळत नव्हते. ते निमित्त आता पलंगावर आडवे पडले होते.

"काका, तुम्ही निवांत आराम करा," मालक म्हणाले. "तोवर बाहेरच्यांना काम देतो. मग बघू."

काकांना 'तोवर' या शब्दाची चांगली ओळख होती. कारखान्यात 'तोवर' म्हणून बसवलेला एक पंखा चौदा वर्षे फिरत होता.

"मी घरून करतो," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आला. काकू ऐकत होत्या.

मालकांनाही आश्चर्य वाटले. सर्व्हरवरचा हिशेब घरून पाहता यावा, अशी सूचना त्यांनी स्वतः तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा काकांनी तिला लेखी विरोध केला होता. हिशेब आणि घर यांच्यामध्ये किमान एक रस्ता असावा, असे त्या विरोधाचे सार होते.

"बघा बुवा," मालक म्हणाले. "तिमाहीचा ताळेबंद शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तपासनिसांकडे जायला हवा. गेला, तर बाहेरच्यांना मी नको म्हणून कळवतो. नाही गेला, तर सोमवारपासून ते. चालेल?"

"चालेल," काका म्हणाले. त्या अवस्थेत त्यांचे एवढेच चालण्यासारखे होते.

मंगळवारी संगणकवाल्या बाई आल्या. कारखान्याचा सर्व्हर त्याच सांभाळत. तिशीच्या, चटपटीत, पाठीला काळी पिशवी. समोरच्याचे बोलणे संपायच्या आत उत्तर तयार ठेवणाऱ्या. त्यांनी काकांच्या बैठकीच्या खोलीतल्या टेबलावरून फुलदाणी उचलली, इस्त्रीचे कपडे उचलले, आणि तिथे संगणक मांडला. दुपारपर्यंत त्यांची बोटे चालत होती. मग त्यांनी काकांना समजावून सांगितले.

"हे बघा काका, तुमच्या घरापासून सर्व्हरपर्यंत मी एक बोगदा केलाय. बंदिस्त. बाहेरच्या कोणालाही आतलं दिसत नाही."

"बोगद्यातून आणखी कोण येतंजातं?"

"कोणी नाही. फक्त तुम्ही."

"आणि समोरून कोणी आलं तर?"

"काका, तो खरा बोगदा नाही."

"मग बंदिस्त कसा?"

बाईंनी विषय बदलला. आत शिरताना पासवर्ड टाकायचा आणि त्यानंतर फोनवर सहा आकडे येतील ते टाकायचे, असे त्यांनी सांगितले. आकडे कोणाच्या फोनवर यावेत हा प्रश्न निघाला. काका कामाच्या वेळेत स्वतःचा फोन बंद ठेवत, आणि घरून काम म्हणजे कामाची वेळच होती. म्हणून आकडे काकूंच्या फोनवर यायचे ठरले.

राहता राहिली पडद्यावरची इंग्रजी. आत जाण्याचा शब्द आणि बाहेर पडण्याचा शब्द तोंडाकडून सारखेच दिसतात, घाईत माणूस फसेल, अशी काकांनी तक्रार केली. बाईंना ती पटली. त्यांनी इंग्रजी झाकून पडद्यावर दोन ठसठशीत मराठी बटणे करून दिली. हिरव्यावर लिहिले 'येतो', लालवर लिहिले 'जातो'.

"आता तर चुकायला जागाच नाही," त्या म्हणाल्या. "आणि मध्येच लाईन तुटली तरी घाबरायचं नाही. तुमच्या नावाने पुन्हा आत शिरता येईल अशी सोय ठेवलीये."

काकांनी दोन्ही बटणे चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली आणि मान डोलावली.

बुधवारी सकाळी साडेनऊला काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. पँटचा एक पाय प्लास्टरसाठी उसवला होता, दुसऱ्याला कडक घडी होती. काकूंनी नेहमीप्रमाणे डबा भरला आणि भरून झाल्यावर तो कोणाला द्यायचा असा त्यांना प्रश्न पडला. काकांनी हात पुढे केला. डबा टेबलाखाली, उजव्या बाजूला, जिथे तो कार्यालयात असे तिथे ठेवला गेला.

त्यांनी 'येतो' दाबले, पासवर्ड टाकला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "आकडे सांग."

"चार," काकूंचा आवाज आला. "सात. शून्य. थांबा, दूध वर आलं."

त्या आकड्यांना अर्ध्या मिनिटाचेच आयुष्य होते. दूध उतरवून काकू परतल्या तेव्हा आकडे बाद झाले होते. नवे मागवले. ते आले तेव्हा चष्मा सापडेना. तिसऱ्या खेपेला काकू फोन धरून पाठीशी उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळे आकडे वाचून म्हणाल्या, "लग्नात उखाणा एवढ्या वेळा घ्यायला लावला नव्हता कोणी."

"कार्यालयात थट्टा नको," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मात्र काम सुरेख झाले. तीच खाती, तेच रकाने. बावन्न पायऱ्यांवरचे सगळे टेबलावर येऊन बसले होते. एक वाजता काका उठले, डबा घेऊन चार पावलांवरच्या पलंगापर्यंत कुबडीने गेले, जेवले, परत आले. साडेपाचला त्यांनी काम आवरले आणि मुख्य बटण बंद करून संगणक विझवला. गुरुवारही असाच गेला. आकड्यांसाठी आता दोनच खेपा लागल्या. रात्रीच्या जेवणाला काका म्हणाले, "उद्या दुपारी दोनपर्यंत संपतं." काकूंनी वाढताना हात सैल सोडला. गेले आठ दिवस त्या नोकरीबद्दल काही बोलल्या नव्हत्या. पण हा माणूस नोकरीशिवाय घरात राहिला तर मसाल्याच्या डब्यांनाही अनुक्रमांक पडतील, हे त्यांना दिसत होते.

शुक्रवारी साडेनऊला काकांनी 'येतो' दाबले. पासवर्ड गेला. आकडे पहिल्या खेपेत गेले. आणि पडद्यावर ओळ उमटली : सर्व आठ जागा भरलेल्या आहेत.

काकांनी ओळ दोनदा वाचली. हिशेबाच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी आठ माणसे बसू शकत, हे त्यांना माहीत होते. कारखान्यात ते उघडणारी माणसे तीन : मालक, बिले करणाऱ्या ताई, आणि ते स्वतः. त्यांनी काकूंचा फोन घेतला आणि बिलांच्या ताईंना लावला.

"ताई, माझ्या जागेवर कोण बसलंय जरा बघा."

ताई भाबड्या नव्हत्या, पण सकाळच्या घाईत होत्या. त्या उठून काकांच्या टेबलापर्यंत जाऊन आल्या. "कोणी नाही काका. खुर्चीवर टाचण्यांचा डबा आहे फक्त."

"तो उचला."

ताईंनी डबा उचलला. "उचलला."

काकांनी पुन्हा बटण दाबले. "अजून भरलेलंच दाखवतंय."

"थांबा, माझ्या पडद्यावर आत कोण कोण आहे त्याची यादी दिसते," ताई म्हणाल्या. थोडा वेळ गेला. "काका, एक मी आहे. एक मालक आहेत. बाकी सगळे तुम्ही आहात."

"म्हणजे?"

"काका, काका, काका, काका, काका, काका. सहा वेळा आहे."

"मी घरी आहे."

"तसं इथे काही लिहिलेलं नाही."

ही बातमी मालकांपर्यंत पोहोचायला मधली फक्त काच होती. त्यांनी ताईंच्या हातून फोन घेतला. "काका, तुम्ही सहा वेळा आत आहात."

"मी एकदाही आत नाही. तोच तर घोळ आहे."

"मग तुमच्या नावावर कोण बसलंय? पासवर्ड कोणाला सांगितलात?"

"कोणाला नाही. आणि आकडे तर फक्त हिच्या फोनवर येतात."

"मग काकू बसल्या असतील."

फोन मोठ्या आवाजावर होता. काकूंनी हात पुसत पुसत तो स्वतःकडे ओढला. "यांच्याबरोबर घरात बसून माझे आठ दिवस कसे गेलेत ते मला माहीत," त्या म्हणाल्या. "वर यांच्या कार्यालयात जाऊन बसायची हौस नाही मला. तेही सहा वेळा."

मालकांनी तो विषय तिथेच सोडला. मग कामाच्या आवाजात म्हणाले, "काका, हे धोक्याचं वाटतंय. चोर असला तर? मी बाईंना सांगून बोगदा बुजवून टाकतो आणि बाहेरच्यांना फोन करतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

काकांनी फोन टेबलावर ठेवला. ताळेबंद जवळजवळ झाला होता, चार नोंदी ताडायच्या राहिल्या होत्या, आणि तो ज्या दाराआड होता त्याच्या आत सहा काका बसले होते.

दुपारी दोनला संगणकवाल्या बाईंचा फोन आला. दुसऱ्या टोकाला मालकही होते. बाईंनी बोगदा बुजवण्याआधी आत डोकावून पाहिले होते.

"चोर नाही," त्या म्हणाल्या. "साही काका तुमच्याच घरून आलेत. बुधवारी तीन, गुरुवारी तीन. सकाळी एक, दुपारी एक वाजता एक, संध्याकाळी साडेपाचला एक. काका, तुम्ही दिवसातून तीनदा कशाला आत शिरता?"

"मी सकाळी एकदाच शिरतो. एक वाजता जेवायला उठतो. साडेपाचला निघतो."

"निघताना लाल बटण दाबता ना? 'जातो'?"

काकांनी लाल बटणाकडे पाहिले.

"काका?"

"ते बटण मी दाबत नाही."

"मग काय दाबता?"

"येतो."



"अहो काका, 'येतो' म्हणजे आत येतो," बाई म्हणाल्या.

"येतो म्हणजे निघतो," काका म्हणाले. "घरातून बाहेर पडताना 'जातो' असं कोण म्हणतं? तुम्ही म्हणता?"

बाईंनी तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले की आजच सकाळी आईला त्या 'येते गं' असेच म्हणून निघाल्या होत्या.

"मी ते म्हटल्यावर दुसरी खिडकी उघडायची," काका पुढे म्हणाले. "मला वाटलं, निरोप देण्याची पद्धत असेल. दुपारी जेवून यावं तर दार उघडंच. म्हटलं, सोय चांगली केलीये."

मालकांनी सुटकेचा आणि वैतागाचा एकच निःश्वास सोडला. "ठीक. बाई, साही काकांना बाहेर काढा. आणि काका, यापुढे निघताना 'जातो' दाबायचं. दिवसातून दोनदा. तेवढं कबूल करा, लगेच कामाला लागा, पाचच्या आत होऊन जाईल."

"ते जमायचं नाही," काका म्हणाले.

काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून दुजोरा दिला.

"काका, एक बटण आहे ते. पडद्यावरचं."

"माझ्या बोटाने दाबायचं आहे ना?"

"मग 'निघतो' लिहू का?" बाईंनी मध्ये पडून विचारले.

"निघतो म्हणणारा माणूस निघून जातो," काकू दारातून म्हणाल्या. "परत यायचं त्यात काही येत नाही. आमच्या शेजारचे असेच म्हणून निघाले होते, ते अजून येताहेत."

"तुम्हाला हे काम हवंय ना काका?" मालकांनी विचारले. आवाजात आता धार होती. "अडीच वाजलेत. तिकडे बाहेरचे लोक माझ्या एका शब्दासाठी थांबलेत. आणि आपण एका शब्दावर अडलोय."

काकांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

"एकतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांसमोर सुद्धा रोज संध्याकाळी उभा राहून मी 'येतो' म्हटलं, तेव्हा ते मान वर करायचे. त्या कार्यालयातून मी एकदाही गेलेलो नाही. जातो म्हणायचा दिवस असेल तर तो तुम्ही सांगा. पडद्याला सांगायला लावू नका."

 मालकांच्या टोकाला फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. तोच, 'तोवर' बसवलेला.

बोलल्या त्या संगणकवाल्या बाई. "काका, एक सांगा. सकाळी कार्यालयात पाऊल टाकता तेव्हा काय म्हणता?"

"कोणाला?"

"कोणालाही. कोणी विचारलं, आलात का, तर?"

"आलो म्हणतो."

"झालं तर मग." खट खट असा आवाज आला, आणि काकांच्या डोळ्यांदेखत हिरव्या बटणावरची अक्षरे बदलली. तिथे 'आलो' झाले. मग लाल बटणावर 'येतो' उमटले. 'जातो' हा शब्द पडद्यावरून पुसला गेला. "आत शिरताना आलो. निघताना येतो. आता कोणाचं काही बिघडलं?"

काकांनी पडदा निरखला. "असं मंगळवारीच लिहायला हवं होतं," ते म्हणाले.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण हसू आवाजात येऊ देत नव्हत्या. "आता आतल्या सहा जणांना बाहेर काढते. काढू?"

"नीट काढा. उघडी खाती मिटून."

"एक काका बाहेर. दोन. तीन."

"इतकं सोपं असतं होय," काकू पुटपुटल्या.

तीन वाजायला दहा मिनिटे असताना काकांनी 'आलो' दाबले. काकूंनी आकडे सांगितले, आणि दूध नव्हते म्हणून पहिल्या खेपेत सांगितले. दार उघडले. आत कोणी नव्हते.

पुढचे दोन तास त्या खोलीत पानांचा आणि कळांचा आवाज होता. चार नोंदींपैकी तीन लगेच ताडल्या गेल्या. चौथीने घोर लावला. रबरी चकत्यांची एक परत पाठवलेली पेटी कुठे नोंदली आहे ते सापडेना. काका घामाघूम झाले. सव्वाचारला त्यांनी बिलांच्या ताईंना विचारले, आणि ताईंनी मधल्या मजल्यावर उतरून पेटी प्रत्यक्ष पाहिली. तिच्यावर ठेवलेली पावती त्यांनी पायऱ्या चढता चढताच फोनवर वाचून दाखवली. पाचला आठ मिनिटे कमी असताना ताळेबंद तपासनिसांकडे गेला. पोच आली. काकांनी ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

मालकांचा फोन सहाला आला. बाहेरच्यांना नको म्हणून कळवले, एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "घरी बसायला नीट खुर्ची आहे का?"

"जेवणाची आहे," काका म्हणाले.

शनिवारी दुपारी दारात कारखान्याचा टेम्पो उभा राहिला. चालकाने मागून काकांची खुर्ची उतरवली. तिसऱ्या मजल्यावरची, हातांवरचा रंग उडालेली, बसायच्या जागी खोल खड्डा असलेली. काकांचा चेहरा पडला. खुर्ची घरी पाठवली याचा अर्थ माणूस ठेवला की काढला, हे त्यांना कळेना. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकू खुर्ची कुठे मावेल ते पाहत होत्या.

"इथे सही," चालक म्हणाला आणि त्याने चलन पुढे केले.

काकांनी चष्मा लावला. चलन बिलांच्या ताईंनी केले होते. खाली मालकांची सही होती. वस्तूच्या रकान्यात 'खुर्ची, एक' असे होते. मूल्याचा रकाना रिकामा होता. आणि शेऱ्याच्या रकान्यात ताईंनी छापले होते : 'विक्रीसाठी नाही. सात आठवड्यांनी परत येणे आवश्यक.'

"परत 'करणे' असं हवं," काका म्हणाले. "खुर्ची आपोआप येत नाही."

"मी पण तेच म्हटलं," चालक म्हणाला. "ताई म्हणाल्या, मालकांनी असंच लिहायला सांगितलंय."

काकांनी ओळ पुन्हा एकदा वाचली, खिशातून पेन काढले आणि दुरुस्ती न करता सही केली.